वीसपैकी अठरा

आदरणीय विहीणबाईंना,

भिंगरीच्या दुसऱ्या आजीचा मनापासून नमस्कार.

(‘आदरणीय’ लिहावं की ‘प्रिय’, यात एक कागद फुकट गेला. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तुम्हाला लगेच वाटलं असतं की हिला काहीतरी हवंय. म्हणून ‘आदरणीय’.)

तुमची तब्येत कशी आहे? खुब्याचं हाड छान जुळलं, असं लेकीने कळवलं. तुम्ही मात्र अजून पलंगावरूनच घर चालवता, व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवता आणि डॉक्टरांनी दिलेली काठी पडदे सरकवायला वापरता, हेही तिनेच कळवलं. (तिच्यावर रागावू नका. ती तुमची सून असली तरी आधी माझी मुलगी आहे, चुगली करणं तिच्या रक्तातच आहे.) मी उपदेश करणार नाही. एवढंच म्हणते, की मोसमातली शेवटची स्पर्धा पुढच्या महिन्यात आपल्याच गावच्या स्केटिंगच्या रिंकवर आहे, आणि त्या दिवशी मी माझ्या पायांनी चालत जाऊन पोरीला बघणार, असं तुम्ही डॉक्टरांना ठणकावून सांगितलंय म्हणे. तेव्हा काठीचा दुसरा उपयोगही शिकून ठेवलेला बरा.

माझी तब्येत तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. सर्दी. पहिल्या दिवसापासून सर्दी. बर्फाच्या या हॉलमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते, हे मला तुमच्या जागी पोरीबरोबर निघताना कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगू शकला असतात, नऊ वर्षं तुम्ही त्या कठड्याशी उभ्या होतात. मी दोन स्वेटर, त्यावर जावईबापूंचा कोट आणि त्यावर शाल असा अवतार करून बसते. परवा एका परदेशी बाईंनी मला स्टँडवर टांगलेले कपडे समजून माझ्या खांद्यावर आपला मफलर ठेवला. मीही काही बोलले नाही, गरम होता.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही निरोप धाडलात, की फोनवर घरातले सगळे कान लावून बसतात आणि जो तो गोड गोड बोलतो, तेव्हा पोरीचं खरं काय चाललंय ते विहिणीने पत्रात लिहावं, तिला गोड बोलायची सवय नाही. ही माझी स्तुती आहे असं मी धरून चालते.

तर खरं हे, की भिंगरीच्या उड्या गेल्या. तुम्ही तिची बॅग घेऊन रिंकच्या पायऱ्या उतरताना पडलात, तेव्हा ती तुमच्या खांद्याला लागत होती. आता ती माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते. तुम्ही शिवलेल्या निळ्या ड्रेसच्या बाह्या कोपराकडे निघाल्या आहेत. हवेत तीन गिरक्या घेऊन उतरायची ती उडी, जी ती झोपेतून उठूनही मारायची, ती आता दोन गिरक्यांवरच जमिनीला येते, आणि तीही पायांवर नव्हे. कोचबाई म्हणतात की या वयात असं होतं, हाडं पुढे धावतात आणि तोल मागून येतो. मी विचारलं, मागून म्हणजे किती मागून? तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. आपल्या स्पर्धेपर्यंत उड्या परत आल्या तर पुढच्या वर्षी ती संघात राहील, नाही आल्या तर काय होईल ते त्या सांगत नाहीत. (संघ म्हणजे फार काही समजू नका. भिंगरी, कोचबाई आणि मी.)

पहिल्या स्पर्धेचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि ते योग्यच होतं. बर्फावर जायच्या आधी पोरीने बाकावर बसून सवयीने पाय पुढे केले. इतकी घोडी झाली तरी बुटांच्या नाड्या आजीने बांधायच्या, ही सवय कुणी लावली ते मी लिहीत नाही. मी म्हटलं, नाड्या म्हणजे काय मोठंसं! सगळा जन्म पोस्टात पार्सलच्या काउंटरवर गेला माझा. मी सुतळीला मारतात तशी गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. पोर बर्फावर दोनदा पडली, पण त्यात माझ्या गाठीचा दोष नाही, हे कोचबाईंनी स्वतः मान्य केलं. दोष नंतर कळला. पार्सलची गाठ ही सुटण्यासाठी नसतेच मुळी. कोचबाईंनी प्रयत्न केला, तिथल्या डॉक्टरांनी केला, बर्फ सपाट करायची गाडी चालवणाऱ्या माणसाने पक्कड आणली. गाठ ढिम्म. शेवटी पोरगी बुटांच्या पात्यांना प्लास्टिकची टोपणं घालून तशीच टकटकत हॉटेलात आली, जेवायलाही तशीच बसली, आणि मग स्वयंपाकघरातल्या मोठ्या कात्रीने आम्ही नव्याकोऱ्या नाड्या कापल्या. दुसऱ्या दिवशी तिने मला तुमची पद्धत शिकवली. बोटांशी सैल, घोट्याशी आवळ, वर पुन्हा जरा सैल. आणि म्हणाली, आजी बांधताना काही बोलत नाही, तू फार बोलतेस.

मी गप्प बसून बांधायला शिकले. हे माझ्या लेकीला सांगा, तिचा विश्वास बसणार नाही.

दुसऱ्या स्पर्धेच्या आधी जे झालं ते कुणीच तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि ते माझ्याच सांगण्यावरून. प्रवासात पात्यांची धार जाऊ नये म्हणून मी बूट कापडात गुंडाळले, कापड शिवून घेतलं, दोरी बांधली आणि हात थांबेना म्हणून त्यावर ठळक अक्षरात घरचा पत्ताही लिहिला. तुमचाच पत्ता, पिनकोडसकट. ते गाठोडं हॉटेलच्या काउंटरवर ठेवून मी चहा प्यायला गेले. परत येते तो गाठोडं नाही. काउंटरवरची मुलगी मोठी कर्तव्यदक्ष निघाली. इतकं नीट बांधलेलं, पत्ता लिहिलेलं पार्सल असं पडून राहिलेलं तिला बघवेना. पोस्टमन आला होता, तिने ते हॉटेलच्या खर्चाने त्याच्या हाती दिलं. म्हणजे स्पर्धा दुसऱ्या दिवशी आणि बूट तुमच्या घराच्या वाटेवर. दुसऱ्याचे बूट घालून पोरींना बर्फावर उभंसुद्धा राहता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोचबाई तापाने पडल्या होत्या, हे ऐकून त्यांचा ताप आणखी चढला. भिंगरी मात्र रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, जाऊ दे ना. मला त्या ‘जाऊ दे’चीच जास्त भीती वाटली.

मी पोस्टात गेले. भाषा येत नाही, तिथे माझी भाषा कुणाला येत नाही. काउंटरवर माझ्याच वयाची बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी हातांनी पार्सल दाखवलं, पाती दाखवली, पोरगी दाखवायला तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. (रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली.) बाई दगडासारखी बसून राहिली. घेतलेलं पार्सल परत द्यायचं नसतं, मीही दिलं नसतं, त्यामुळे तिच्याबद्दल माझं मत चांगलंच झालं. मग तिच्या टेबलावरचा दोरीचा तुकडा मी उचलला आणि माझी गाठ मारून तिच्यापुढे सरकवली. तिने ती उलटी केली, सुलटी केली, नखाने उचकून पाहिली. मग आत गेली आणि पोत्यातून माझं गाठोडं काढून घेऊन आली. पत्ता वाचायची गरजच पडली नव्हती. जिथे जिथे रेघ होती तिथे तिथे माझी सही घेतली, आणि वर बोट नाचवून मला दमही भरला. निघताना मी तिचा हात हातात घेतला. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणीतरी आहोत.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत, पण त्यामागचं खरं आज सांगते. नाच संपला की पोरींना एका बाकावर बसवतात आणि गुण येईपर्यंत कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरतात. पोरी त्याला हसा-रडाचा बाक म्हणतात. एरवी शेजारी कोचबाई असतात. त्या दिवशी त्या तापात, म्हणून मी. कॅमेरा चालू आहे हे मला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे मी पोरीचं नाक पुसलं, माझं पुसलं, शालीत लपवलेली बिस्किटं काढली, आणि तिसऱ्या खुर्चीवरच्या परीक्षकबाईंना चष्म्याची गरज आहे हे मोठ्याने सांगितलं. पोरगी तीनदा पडली होती. खाली मान घालून बसली होती, बिस्किटाकडे बघेना. एवढ्यात पडद्यावर तिचं नाव आलं आणि नावापुढे मोठ्ठा आकडा, अठरा. आता स्पर्धेत वीस मुली होत्या, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी डोक्यात आलं ते शाळेचं. वीसपैकी अठरा! तीनदा पडूनही वीसपैकी अठरा! मी उठले, टाळ्या वाजवल्या, पोरीला मिठी मारली, कॅमेरावाल्यालाही मारली. तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईंना वाकून नमस्कार केला, म्हटलं, माफ करा, तुमचे डोळे उत्तम आहेत. (फोनवर तुम्ही विचारलंत की विहीण नाचत का होती, तेव्हा पायात गोळा आला होता असं मी सांगितलं. ते खोटं होतं.)

पोरीने माझ्याकडे पाहिलं. आधी तिला काही कळेना. मग कळलं, आणि ती हसायला लागली. अशी हसली, की बाकावरून घसरून खाली बसली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मला वाटलं आनंदाने हसतेय, म्हणून मीही हसले. अठरा म्हणजे अठरावा नंबर, हे तिने मला खोलीवर जाताना, जिन्यात, हळूच सांगितलं. मी जिन्यातच बसले. ती शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, या मोसमातला हाच सगळ्यात छान दिवस.

तिसरी स्पर्धा टीव्हीवर नव्हती. फोनवर मी सांगितलं की बरी झाली. आता खरं ऐका. पोर उडी मारायला निघाली की मी डोळे मिटते, आणि धप्प असा आवाज आला की उघडते. संगीतात कुठे उडी येते ते मला आता पाठ झालंय, ढोलकीसारखं काहीतरी वाजतं तिथे. त्या दिवशी ते वाजलं, मी डोळे मिटले, आवाज येईना. पुन्हा वाजलं, पुन्हा नाही. शेवटी घाबरून डोळे उघडले. पोर उडी मारतच नव्हती. जिथे उडी यायची तिथे ती नुसती सरकत पुढे जात होती, एका पायावर, दुसरा मागे लांब, हात असे पसरलेले. मध्येच एखादी छोटी उडी, लहान मुलं डबकं ओलांडतात तशी. पडली नाही. घाईतही नव्हती. तिचा चेहरा मी बघितला. कोचबाईंच्या चेहऱ्याकडे मी नंतर बघितलं, तो लिहिण्यासारखा नाही.

विहीणबाई, मला स्केटिंगमधलं काही कळत नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगता, आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी मला रडू आलं. तुम्ही नेहमी सांगता की पाच वर्षांची असताना तुम्ही तिला पहिल्यांदा बर्फावर सोडलंत तेव्हा ती हसत सुटली, थांबायलाच तयार नव्हती. मी तेव्हा काउंटरवर होते, मला ते बघायला मिळालं नाही. आता मिळालं, असं वाटलं. गुण काय मिळाले ते विचारू नका. या खेपेला वीसपैकी वीस. (माझ्या हिशेबाने.) कोचबाईंनी जेवणाला हात लावला नाही. पोरीने मात्र दोन सँडविच खाल्ली, माझ्या ताटातलं तिसरंही उचललं, आणि बूट पुसताना गुणगुणत होती.

तर हे असं आहे. बाकी सगळं ठीक. जावईबापूंना नमस्कार सांगा, त्यांच्या कोटाचं एक बटण गेलंय. लेकीला सांगा, तिची आई शहाण्यासारखी वागतेय. लहानांना आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, पण तुमच्या घरात लहान एकच आणि ती माझ्याकडे आहे, तेव्हा तो इथेच परस्पर देते. हे पत्र चार-पाच दिवसांत पोचेल. न पोचल्यास मला कळवा, मी त्या खात्याकडे बघून घेते.

तुमची,
पोस्टातली विहीण

ता. क. : त्या निळ्या ड्रेसच्या कापडाचा तुकडा उरला असेल तर काढून ठेवा. बाह्या वाढवायला लागतील. तुमचा हात मशीनवर बसत असेल तर उत्तमच, नाहीतर मी शिवीन, मग पोरीला त्यातून बाहेर काढायला पुन्हा कात्री लागेल.

ता. क. २ : एवढं मोठं पत्र मी कापडाच्या तुकड्यासाठी लिहिलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. कुठे लिहावं ते सुचेना म्हणून इथवर आले. भिंगरीला स्पर्धा सोडायच्या आहेत. बर्फ नाही सोडायचा, फक्त स्पर्धा. तिला सकाळी आपल्या रिंकवर जायचंय, लहान पोरांना हात धरून उभं करायचंय, मनासारखं सरकायचंय. उड्या परत आल्या तरी तिचं हेच म्हणणं आहे, मी दोन-तीनदा उलटसुलट विचारून पाहिलं. पण ती कुणाला सांगत नाही, कारण तुम्ही. तिला वाटतं तिची बॅग उचलताना तुमचं हाड मोडलं, आणि आता तिने सोडलं तर ते हाड फुकट गेलं. तिला वाटतं, तुम्ही तिची स्पर्धा बघायची म्हणून उठणार आहात, आणि स्पर्धाच नसली तर पुन्हा उठणारच नाही. चौदा वर्षांची पोर हे सगळं अंगावर घेऊन उड्या मारतेय. पडेल नाही तर काय?

म्हणून मागणं एवढंच. शेवटच्या स्पर्धेला या. चालत या, रिक्षाने या, जावईबापूंच्या पाठीवर या, पण या. त्या दिवशी हसा-रडाच्या बाकावर तिच्या शेजारी तुम्ही बसायचं. कोचबाईंना मी तयार केलंय (कसं ते विचारू नका, त्यांना माझी बिस्किटं आवडत नाहीत, पण माझी बडबड त्याहून नकोशी झालीय). आकडा कुठलाही येऊ दे, तुम्ही तिला म्हणा, पुरे झालं, बाळा. मी म्हटलेलं चालणार नाही, मी म्हणून पाहिलं. बर्फावर तुम्ही तिला सोडलंत, उतर म्हणायलाही तुम्हीच हव्यात.

तुम्हाला वाईट वाटेल. नऊ वर्षं पहाटे उठून तुम्ही तिला नेलंत. मला माहीत आहे, आणि ते मी आजवर तुम्हाला कधी म्हटलं नाही, म्हणून आता म्हणते. ती जी हसत सरकत होती ना, ते सगळं तुमचं आहे.

ता. क. ३ : मी गरम पाणी आणायला खाली गेले आणि वर येते तो भिंगरी पत्र वाचत बसलेली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हे पोस्टातल्या आजीच्या नातीला सांगावं लागावं! पण रागावता आलं नाही. ती उठून खिडकीशी गेली. मग मान न वळवता तिने विचारलं, की आजीला वाईट वाटलं तर? मी म्हटलं, वाटेलच. तरी ती तुला जवळ घेईल आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून काठी मागेल. ती म्हणाली, तुला काय माहीत?

विहीणबाई, भिंगरी जन्मल्यापासून आजवर मी तुमच्या वतीने कधी एक शब्द बोलले नाही. चहात साखर किती घालायची एवढंसुद्धा नाही. आज बोलले. म्हटलं, माहीत आहे मला, मी ओळखते तिला. पोरीने माझ्याकडे वळून पाहिलं, विश्वास ठेवला, आणि पडल्या पडल्या झोपली. भर दुपारी, बूट न काढता.

शब्द मी देऊन बसलेय. पाळायचा मात्र तुम्हाला आहे.